खिडकीतून टाकलेला रुमाल

त्या सोमवारी मी सुजातावर चिडले होते, हे आधीच सांगून टाकते. मुखेडच्या बसस्थानकात नांदेडची गाडी लागली होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमच्या नेहमीच्या सीटवर रुमाल नव्हता. सुजाताचं घर स्थानकाच्या मागच्याच गल्लीत. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची, हे काम तिचं. मी गावाच्या दुसऱ्या टोकाहून धापा टाकत यायचे आणि आयत्या जागेवर बसायचे. त्या दिवशी दांड्याला धरून उभी राहिले, तिला फोन लावला, तिनं उचलला नाही, तेव्हा मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावले. कंडक्टर तिच्याच गल्लीतला. तिकीट द्यायला आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तुमाला कळलं न्हाई का? सुजाताताई पहाटे गेल्या... छातीत दुखलं म्हणे." मी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापाशी उतरले आणि परत गावाकडे चालत निघाले. तिच्या घरी पोचेपर्यंत राग गेला नव्हता, फक्त तो आता कुणावर आहे ते कळत नव्हतं. आजही नीट कळत नाही.

आम्ही दोघी नांदेडच्या एका कॉलेजात. ती परीक्षा विभागात, मी ग्रंथालयात. पण तिचं खरं काम बसमध्ये चालायचं. मोबाईलवरच्या एका ॲपवर ती देवांच्या प्रेमाची मालिका लिहायची. लिहायची म्हणजे बोलायची. फोन तोंडाशी धरून ती बोलत जायची, फोन टाईप करत जायचा, आणि शुद्धलेखन मी दुपारच्या सुट्टीत बघायचे. तिच्या भावाला हे बिलकुल पसंत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "अक्का, आपल्या घरात आज्यापास्नं देव न्हाई, अन् तू देवांची लफडी लिहून राहिली?" सुजाता भाकरी थापत म्हणाली, "न्हाईत म्हणूनच नवे करावे लागले. ह्यांना नवस लागत न्हाई, नारळ लागत न्हाई. अन् चुकले तर मला बोलता येतं." भावानं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. आमच्या देव्हाऱ्यात तर देव दाटीवाटीनं बसलेले.

तिच्या गोष्टीत तरंगिणी नावाची नदीची देवी होती आणि जलद नावाचा ढगांचा देव. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्या काठावर उतरणार नाही, असा त्यानं तिला शब्द दिला होता. मग तो दूरच्या मुलखातल्या एका नदीवर भाळला आणि तिकडेच बरसत राहिला. इकडे तरंगिणीचं पात्र कोरडं पडलं, लोक तिची वाळू उपसून नेऊ लागले. अर्धी बस कान देऊन ऐकायची. मागच्या सीटवरच्या मास्तरांनी एकदा "जलदची बी बाजू घ्या जरा" अशी शिफारस केली, तर भाजीवाल्या बाईनं त्यांना तिथंच गप्प केलं. सुजाता हसायची आणि पुढचं वाक्य बोलायची.

माझ्या नवऱ्यानं लातूरला दुसरा संसार थाटला होता. काही वर्षांनी तो परत आला, दारात रडला, आणि मी त्याला घरात घेतलं. सासरच्यांनी मला शहाणी म्हटलं, माहेरच्यांनी मूर्ख. सुजाता काहीच म्हणाली नाही. फक्त त्याच सुमारास तिच्या गोष्टीत जलद परत आला. त्याला पश्चात्ताप झाला होता, आणि देवच तो, रडला ते ढगफुटीसारखा. तरंगिणीचे काठ खचले, तिच्या अंगाखांद्यावरची झाडं वाहून गेली. फोन पर्समध्ये ठेवत सुजाता म्हणाली, "बघ वैजू, त्याचा पश्चात्ताप बी तिच्याच अंगावर पडला." घरी रोज चहाच्या वेळी नवऱ्याचे डोळे भरून यायचे, "माफ केलंस ना मला?" म्हणायचा, आणि त्याची समजूत काढत बसायचं काम माझं. मी तिला फटकन विचारलं, "तू माझं लिहून राहिली का?" ती म्हणाली, "तुझं असतं तर तुला शेवट ठाऊक असता." मग आमचं वाजलंच. मी म्हटलं, देवी आहे ती, तिनं मन मोठं करावं. ती म्हणाली, "मन मोठं हाय म्हणून किती पाणी टाकायचं तिच्यावर?"

शेवटच्या शनिवारी जलद काठावर येऊन विचारतो, "माफ केलंस का?" इतकं बोलून झालं आणि नांदेड आलं. "सोमवारी सांगते," म्हणत सुजातानं फोन बंद केला. रुमाल माझ्या डब्याच्या पिशवीत राहून गेला. मोठा, चौकटीचा, पुरुषी रुमाल. बारक्या रुमालाला बसमध्ये कोणी जुमानत नाही, असं ती म्हणायची.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या बौद्ध घरातल्या दिवसकार्याच्या, दिवशी तिच्या मुलीनं ती मालिका माझ्या फोनवर चालू करून दिली. "मावशी, वाचणारे लई विचारून राहिलेत. शेवट तुमीच करा. मायच्या मनात काय होतं ते तुमालाच ठाऊक." मला कुठलं ठाऊक? तिच्या मनात नकार असेल तर इतकी वर्षं ती मला मूर्ख समजत होती का... आणि तरी रोज माझी जागा धरत होती? होकार असेल तर मग माझ्याशी भांडली कशाला? ह्या विचारानं मला जेवण जाईना. त्यात एका संध्याकाळी कप हातात धरून नवरा म्हणाला, "मी बी वाचून राहिलो ते. करते का शेवटी माफ?" त्यानं मान वर केली नव्हती. मी म्हटलं, तिनं अजून सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात बसमध्ये मी फोन तोंडाशी धरला. तरंगिणी म्हणाली, "आलास तर राहा. पण माफ केलंस का, हे मला रोज विचारू नकोस. ज्या दिवशी करीन, त्या दिवशी माझी मी सांगायला येईन." भाजीवाली म्हणाली, "बराबर हाय." नवऱ्यानं ते वाचलं. त्या संध्याकाळी चहा पिऊन त्यानं स्वतःचा कप विसळून ठेवला, विचारलं काहीच नाही. तेव्हापासून त्यानं विचारलेलं नाही. घर शांत आहे, मी नाही. सुजाताला हे पटलं असतं का, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच आता मिळणार नाही.

आज सकाळी मी लवकर स्थानकात गेले आणि गाडी लागता लागता खिडकीतून तिचा रुमाल टाकला. खिडकीशी बसले. शेजारी रुमाल. एक म्हातारी बाई आली, "इथं कोणी हाय का माय?" तोंडातून सवयीनं "हाय" निघून गेलं. ती बिचारी पुढं जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. गाडी गावाबाहेर पडली, पेट्रोल पंप मागे गेला. मग मी रुमाल उचलला, घडी करून मांडीवर ठेवला आणि त्या म्हातारीला हाक मारली.