लेकराच्या ओठांवरची अफू

आमच्याकडं लेकराला अफू देणं हे त्याला तेल लावण्याइतकंच साधं काम होतं. सकाळी बायका शेताला निघाल्या की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मोहरीएवढी अफू दुधात कालवून लेकराला चाटवायच्या. मग ते बांधावरच्या झोळीत उन्हं उतरेपर्यंत निजायचं आणि आम्ही जोंधळा काढायचो. नळदुर्गला अफूचं परवान्याचं दुकानच होतं, त्यामुळं यात कुणाला काही लपवावंसं वाटत नव्हतं.

माझी पहिली मुलगी यातच गेली. त्या दिवशी आत्यांनी घरी चाटवली होती. शेतावर पोचल्यावर पोर किरकिरली. थोरल्या जावेला वाटलं, आज द्यायची राहिली. तिनं आपल्या कनवटीची काढून दिली. दोघींनीही मायेनंच दिली. मी पाजायला झोळी सोडली तेव्हा पोर गार पडली होती. घरात सगळ्यांनी दृष्ट लागली म्हटलं आणि विषय मिटवला. माझ्यात तेव्हा भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. मला मुलगा झाला त्या साली ते दुकान बंद झालं आणि गावात दवंडी पिटली: अफू बंद, जवळ सापडली तर कैद. गाव हसलं. आत्या म्हणाल्या, "सरकार काय झोळी हलवायला येतंय व्हय?" हैदराबादच्या सडकेवर ट्रकवाल्यांकडं हवी तेवढी मिळत होती. मला मात्र दवंडी ऐकून आनंद झाला, खराखुरा आनंद. घरात माझ्या बाजूनं कुणी नव्हतं, आता निदान सरकार होतं. मी चुलीपुढंच सांगून टाकलं, "आत्या, ह्याला अफू द्यायची न्हाय. दिलीत तर म्या ठाण्यावर जाईन."

सासूला तुरुंग दाखवणारी सून, अशी माझी गावभर ख्याती झाली. होऊ दे म्हटलं. लेकरू पाठीला बांधून मी खुरपत राहिले. त्यानं रान डोक्यावर घेतलं की जावा नाकं मुरडायच्या.

एकदा ते घरी निजलं होतं म्हणून आत्यांजवळ ठेवून मी खळ्यावर गेले. परत येऊन बघते तर लेकरू भर दुपारी निपचित पडलेलं. हलवलं, उठेना. ओठाला जीभ लावून बघितली. कडू!

तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, चिमटे काढले. अखेर ते रडलं. तसं त्याला खांद्यावर टाकलं आणि नळदुर्गची वाट धरली. आत्या मागनं निघाल्या. आधी शिव्या दिल्या, मग गयावया केली, मग नुसत्याच चालत राहिल्या.

ठाण्याच्या पायरीशी त्यांनी माझा पदर धरला. "जा, सांग जा. पर आधी मला सांग. पयल्या पोरीला म्या मारलं व्हय?"

हा सवाल त्यांच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हातारीची दया आली. तरी बोलले, "व्हय. तुमी आन जाऊबाईनी मिळून."

त्यांनी पदर सोडला आणि माझ्याआधी पायऱ्या चढल्या. कनवटीची पुडी काढून जमादारापुढं ठेवली. "माझी हाय. लेकरास्नी देत हुते. एक मेलं त्यात."

जमादारानं पुडी उलगडली आणि हसला. "एवढ्याशा अफूला कुठं खटला भरू, म्हातारे? घरी जा." त्यानं ती खिडकीतून गटारात फेकली.

आत्या खाली बसल्या. "दवंडीत कैद हाय म्हनला हुता न्हवं?" त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. जमादार दुसऱ्या कामाला लागला होता. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी लेकरू मागितलं नाही, आणि मीही दिलं नाही. ते घर येईतो भोकाड पसरून रडत होतं. मी त्याला एकदाही गप्प केलं नाही.