दिवसाला तीन पोस्ट आणि एक वाचणारा

झाईच्या आमच्या घरात फोन ओट्यावरून आत नेला की तो गुजरातेत जायचा. नेटपॅक मात्र महाराष्ट्रातच राहायचा. ही २०१५ची गोष्ट. हद्दीवरचं गाव, पलीकडच्या टॉवरची रेंज न विचारता घरात घुसायची आणि रोमिंगमध्ये बॅलन्स असा उडायचा की बाबा फोनला ‘चोर’ म्हणत. त्यामुळे नेटवर काही टाकायचं तर मला वाडीत, विहिरीच्या कठड्याशी, बोर्डीकडे तोंड करून उभं राहावं लागे. तिथे आपली रेंज यायची. मी तेव्हा बीए होऊन घरी बसले होते आणि गावाच्या नावाने एक पेज काढलं होतं. वाचणारे म्हणजे मी, माझी वहिनी आणि लग्न होऊन लांब गेलेल्या चार आत्या.

मग पावसाळ्याच्या तोंडाला घोलवडच्या नर्सरीतला मुलगा आंब्याची कलमं घेऊन आमच्या वाडीत आला. नर्सरी त्यांच्या घरचीच. कलमं उतरवून झाली, पाणी पिऊन झालं आणि तांब्या परत देताना त्याने विचारलं, “ते वाकड्या माडाचं तुम्ही लिहिलंत?”

आमच्या बसथांब्याजवळ एक माड रस्त्यावर वाकलेला आहे. ड्रायव्हर कितीही नवा असो, एसटी तिथे आपसूक बाजूला होते. त्यावर मी एवढंसं काहीतरी आठवडाभर खोडूनखाडून लिहिलं होतं. मी मान हलवली.

“मी दोनदा वाचलं,” तो म्हणाला आणि टेम्पोत बसून निघून गेला.

झालं! दोनदा! मी विहिरीभोवती एक गिरकी मारली, आणि दुसरी मारताना बादलीला अडखळले. एक पोस्ट माणूस दोनदा वाचतो, तर रोज तीन टाकल्या तर? हिशेब अगदी सरळ वाटला. वहिनी उंबरगावची, माहेरची गुजराती, उत्साहाला माझ्याहून वरचढ. ती म्हणाली, “चालो बेन, आता थांबायचं नाय.”

आम्ही थांबलो नाही. शेजारच्या काकांचा कोंबडा टाकला. तोच कोंबडा पाठमोरा टाकला. वाळत घातलेले बोंबील उजवीकडून, डावीकडून आणि मांडवाखाली आडवं पडून टाकले. ‘सुप्रभात झाई’ तर रोजचंच. देवळाबाहेरच्या चपलांचा फोटो काढून ‘ओळखा पाहू कोणाची’ असं टाकलं, ते एवढं चाललं की एका काकूंना हरवलेली चप्पल चक्क दुसऱ्याच काकूंच्या पायात सापडली आणि दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. लोक आता सांगून यायचे. एक मामा म्हशीला अंघोळ घालून दारात उभे राहिले, “हिचा पण टाक गो!” टाकला. म्हशीला माडापेक्षा जास्त लाइक मिळाले.

“विहिरीवर एवढी तू पाणी भरायला कधी गेली नाहीस,” बाबा म्हणाले. आई म्हणायची, “हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी.” तिला काय कळलं होतं कोण जाणे, पण लांडगा शब्दावर ती माझ्याकडे जरा रोखून बघायची.

तलासरीपासून उंबरगावपर्यंतचे लोक पेजवर यायला लागले. मी रोज संध्याकाळी लाइकवाल्यांची नावं वरपासून खालपर्यंत बघायची. घोलवडचं ते एक नाव त्यात नसायचं. मला काय करायचे होते एवढे अंगठे? मला एकच हवा होता. तो मिळत नाही म्हणून मी तिनाच्या पाच पोस्ट केल्या.

शेवटी वहिनी लिंबाचं कलम आणायच्या निमित्ताने घोलवडला गेली. परत आली ती पदराने तोंड दाबूनच.

“बेन, त्याने तुझा पेज बंद करून टाकलाय.”

“बंद म्हणजे?”

“नोटिफिकेशन बंद. बोलला, कलम बांधताना फोन सारखा वाजतो, सुरी घसरते. बोलला, त्या माडवाल्या बाई गेल्या कुठे? आता कोंबडेवाल्या आल्यात.”

मी कठड्यावर बसले आणि ढसाढसा रडले. वहिनी शेजारी बसून मला थोपटत होती आणि हसू आवरत नसल्याने तिचा हात हलत होता. मग मलाही हसू फुटलं, कारण ‘कोंबडेवाल्या’ हे खरंच होतं. अति तेथे माती म्हणतात, मी तर अख्खी वाडी उकरली होती.

पोस्ट थांबल्या. म्हशीचे मामा दोनदा चौकशी करून गेले. मी मात्र एकच गोष्ट धरून बसले होते. आमच्या गावात प्रत्येकाची रेंजची जागा ठरलेली. कोणी चिंचेखाली, कोणी गोठ्याच्या कोपऱ्यावर, एक आजोबा तर उलट्या टोपलीवर. दिवेलागणीला सगळे आपापल्या जागी उभे राहून लांबच्या माणसांशी मोठमोठ्याने बोलतात, आणि कोण कुठे उभं आहे त्यावरून गावाला कळतं की आज कोणाला कोणाची आठवण आली. हे मी लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. वहिनीला वाचून दाखवलं. ती या खेपेला हसली नाही. “माझी आई आठवली,” म्हणाली, आणि उठून आईला फोन लावायला आपल्या जागेवर, गोठ्याच्या कोपऱ्यावर गेली.

मी पोस्ट टाकली आणि टाकल्याबरोबर कपाळावर हात मारला. ज्याच्यासाठी एवढं लिहिलं, त्याने तर माझा आवाजच बंद केला होता!

पण आत्या कशासाठी असतात? चौघींनी ते पुढे पाठवलं, त्यांच्या नणंदांनी आणखी पुढे. फिरत फिरत ते घोलवडला एका बाईंच्या फोनवर पोचलं आणि त्यांनी ते शेजारी कलमं बांधत बसलेल्या आपल्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

दोन दिवसांनी टेम्पो दारात. “आंब्याची कलमं धरली का बघायला आलो,” तो बाबांना म्हणाला. सगळी कलमं छान धरली होती, ती त्याने एकदाही पाहिली नाहीत. सरळ माझ्याकडे आला.

“सगळ्यांच्या जागा लिहिल्यात,” तो म्हणाला. “तुमची राहिली.”

मी विहिरीकडे बोट दाखवलं. तो तिथे जाऊन कठड्याशी उभा राहिला, बोर्डीकडे तोंड केलं, फोन वर धरला आणि लहान मुलासारखा ओरडला, “येते हो, इथे येते!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनीने शिट्टी मारली. आईच्या हातातलं ताट पडलं. मी तोंडावर ओढणी धरून इतकी हसत होते की पोटात दुखायला लागलं.

आता घोलवडला आमच्या घरात कुठेही उभं राहा, रेंज येते. महिन्यातून एखादी पोस्ट होते, कधी तीही नाही. ह्यांनी मात्र माझ्या पेजचं नोटिफिकेशन आजतागायत चालू केलेलं नाही. म्हणतात, फोन कशाला वाजायला हवा? लिहिलंस की इथे बस आणि वाचून दाखव. मी वाचते, आणि वाचून झालं की हे हातातली सुरी खाली ठेवून म्हणतात, “अजून एकदा.”