हातभर घोयरा

चाचा बोट आडवं धरायचे आणि थांबायचे. घोयरा एक पाय उचलायचा, झुलायचा, पाय पुन्हा मागं घ्यायचा. समोर गिऱ्हाईक घड्याळ घेऊन ताटकळलेलं. चाचा म्हणायचे, "थांबा. त्येला ठरवू द्या."

इंदापूरच्या स्टँडामागं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागं लिंबोणी. तिच्यावर हा घोयरा, रंग बदलणारा, गुंडाळल्या शेपटीचा सरडा. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारामतीहून रोज इंदापूरच्या कचेरीत कारकुनी करायला जायचो आणि परतीच्या गाडीपर्यंत चाचांच्या दुकानात बसायचो. चाचांचा एक डोळा भिंगात, दुसरा माझ्यावर. घोयऱ्याचेही डोळे दोन दिशांना. दोघं एकदम माझ्याकडं बघायला लागले, की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. बहुतेक वेळा चुकलेलंच असायचं.

एकदा रंगीत मासिकात मादागास्करचे हातभर लांबीचे घोयरे पाहिले आणि मी पेटलोच. "चाचा, पाळायचा तर असला!"

"हातभर कशाला, सायेब? त्याच्यावर बसून बारामतीला जाताय व्हय?"

मादागास्कर लांब, पळसदेव जवळ. तिथल्या बाभळीवरून मी सगळ्यात मोठा घोयरा निवडला. निवडीची कसोटी एकच, पोट. पोपटाचा रिकामा पिंजरा, खाली पत्रा, वाटीत पाणी, दुधात कुस्करलेली चपाती. जावयाचीही अशी सरबराई कुणी केली नसेल. त्यानं चपातीकडं एक डोळा फिरवला. दुसऱ्याला तसदी दिली नाही. तिसऱ्या दिवशी तो काळा पडून पत्रा खरडायला लागला.

मी बायकोला हाक मारली, "अगं बघ, नाचतोय!"

"अहो, नाचत न्हाय, मरतंय ते. चाचांना दाखवा आधी."

पिंजऱ्यावर टॉवेल टाकून एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"पोपट."

"बोलतो का?"

"अजून न्हाय."

चाचांनी भिंग लावून पोट पाहिलं आणि बाजारच्या दिवशी, भर दुपारी, दुकानाची फळी खाली ओढली. "आरं, ही बाई हाय! अंडी हायती पोटात. ती माती मागतीया, आन् तू पत्रा दिलास व्हय रं?"

सायेबाचा 'आरं' झाला होता.

त्यांनी लिंबोणीखालची माती भिजवली, पानांवर पाणी शिंपडलं, पिंजऱ्याच्या दारात बोट आडवं धरलं. "हलू नको. आज उकरलं न्हाय, तर गेली ती."

किती वेळ गेला कुणास ठाऊक! शेवटी तिनं बोटावर पाय ठेवला. चाचांनी फांदीवर सोडताच तिनं पानावरचे थेंब चाटले आणि सरळ खाली मातीत उतरली.

"उकरतीया! चाचा, उकरतीया!"

"गप की. तिला म्हाईत हाय."

संध्याकाळी अंडी पुरून, माती सारखी करून ती वर चढली. दुसऱ्या दिवशी पळसदेवला तिच्याच बाभळीवर सोडली. चाचांनी खूण म्हणून मातीत एक बंद घड्याळ खोचलं. "सा-सात महिने लागत्याल, सायेब. रोज उकरून बघू नका."

उन्हाळ्यात चाचा गेले. दुकानाला कुलूप लागलं. मी मात्र परतीच्या गाडीआधी रोज लिंबोणीखाली डोकावायचो.

आणि एका संध्याकाळी घड्याळाशेजारची माती फुटलेली! फांदीवर काडीएवढं पिल्लू, शेपटी गुंडाळलेली. एक, दोन, पाच! "चाचा!" असं तोंडून निघूनही गेलं.

मी बोट आडवं धरलं. स्टँडावर बारामतीची गाडी लागली. पिल्लानं एक पाय उचलला, झुललं, पाय मागं घेतला. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी गेली. मी थांबलो.