आक्काचे दात

दानेश्वरी हसायची ती तोंडावर मापाची टेप धरून. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते, त्यामुळे टेप सदा गळ्यात. पुढच्या दोन दातांत बोट जाईल एवढी फट, आणि त्यांच्या शेजारचे दोन दात तांदळाच्या कणीसारखे बारीक. "वहिनी, देवानं माप चुकवलंय," असं मला म्हणायची, आणि टेप वर.

माहेर तिचं निपाणीकडचं. सोमशेखरची ती दुसरी बायको. पहिली, शिवलीला, काविळीनं गेली. तिचा फोटो हॉलमध्ये आहे, तोंड मिटलेला, लग्नातला. नवी साडी आली की दानेश्वरी आधी ती फोटोला टेकवते, मग नेसते. सासू रत्नव्वांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हिला आक्का म्हणायचं." ती म्हणत आली. घरात कुरकुर नव्हती. सोमशेखर शिरोलीच्या फौंड्रीतून दमून यायचा, जेवायचा, झोपायचा. त्याच्याकडं बघून आपण हसावं, एवढीच तिची हौस.

राजारामपुरीतल्या डॉ. संयोगितांनी तपासून सांगितलं, नुसत्या तारेनं भागायचं नाही. तारेनं दात सरकवायचे, फट नीट वाटून घ्यायची. मग बारक्या दातांवर नखासारखा पातळ चिनी मातीचा पापुद्रा चिकटवायचा. मात्र शेवटी दात कसे दिसायला हवेत हे आधी ठरवायचं, मगच तार बांधायची. "कुणाचं हसणं आवडतं तुम्हाला? फोटो पाठवा."

दानेश्वरीला निपाणीची थोरली बहीण आठवली. दानेश्वरीचा स्वतःचा मोबाइल नेमका दुरुस्तीला होता, पण लग्नातले बहिणीचे फोटो सासूच्या मोबाइलवरही होते. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, "अत्ती, तुमच्या मोबाइलवरनं आक्काचा हसतानाचा फोटो डॉक्टरला धाडा की." रत्नव्वांनी धाडला.

पुढच्या खेपेला डॉक्टरनी पडद्यावर दाखवले ते नुसते ओठ आणि दात. चेहरा कापलेला. डावा पुढचा दात किंचित पुढं आलेला. नुसत्या दातांवरून माणूस कोण ओळखतं? दानेश्वरी म्हणाली, "अगदी असेच करा. हुबेहूब."

तारेनं दात वर्षभराहून जास्त काळ चालत राहिले. भाकरी दुधात कुस्करून खाताना मी तिला बघितलंय. दात दुखला की म्हणायची, "निघालाय बघा तो, त्याच्या घराकडं."

तार निघाली. पापुद्रे कायमचे बसवायला दात थोडे घासावे लागतात, आणि घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. म्हणून आधी काही दिवस न घासता दातांवर नुसता नमुना बसवून दिला. घरात वावरून बघा, पसंत पडलं तर पुढचं.

ती दुपारी घरी आली. रत्नव्वा उंबऱ्यात भाजी निवडत होत्या. दानेश्वरी टेप न धरता हसली. रत्नव्वांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"आलीस व्हय," त्या शांतपणे म्हणाल्या. "लई दिस लावलंस गं."

दानेश्वरीला वाटलं, दवाखान्याबद्दल बोलतायत. पण ताटात कारल्याची भाजी आली. ती कारलं खात नाही, हे रत्नव्वांना ठाऊक आहे. "खा की, तुला आवडतंय न्हवं," म्हणून त्या समोर बसून राहिल्या. तिनं एक घास घेतला. "वहिनी, कडू लागलंच न्हाय ते," हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ती हात चोळत होती.

नव्या दातांमुळं 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजायची. संध्याकाळी तिनं सोमशेखरला फोन केला, "सावकाश या, रस्त्यात पाणी साचलंय." पलीकडून त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?"

घरी आल्यावर तो भिंतीकडं तोंड करून जेवला. हात धुताना म्हणाला, "तोंड मिटून बोलत जा जरा."

तेव्हा तिनं सासूचा मोबाइल उघडला. डॉक्टरला गेलेला फोटो अख्खा होता. शेतातल्या बांधावर उभी शिवलीला, खळखळून हसणारी. डावा दात किंचित पुढं.

"अत्ती, ही कोण?"

"तूच म्हणालीस की, आक्काचा धाड म्हणून. ह्या घरात आक्का कोण?"

"माझी आक्का निपाणीत हाय. जिती."

रत्नव्वा भाजीची देठं गोळा करत राहिल्या. "असू दे गं ते दात," एवढंच म्हणाल्या. "गोड बोलतीस त्यातनं. ती शिट्टी बी तिचीच."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती मला सोबत घेऊन गेली. नमुना काढायला वेळ लागला नाही. खाली तिचेच दात होते, बारीक दोन तसेच. पण जागा तिच्या नव्हत्या. डावा पुढं आलेला. वर्षभर ते चालत शिवलीलेकडं निघाले होते, आणि पोचले होते. सगळं ऐकून डॉक्टर खजील झाल्या. हे रिटेनर रोज लावा, पुढचं नव्यानं ठरवू, असं म्हणत त्यांनी दात धरून ठेवणारा पारदर्शक साचा डबीत घालून दिला.

"न्हाय लावलं तर?"

"तर दात जुन्या जागी जायला बघतात. दातांना आठवण असते."

दानेश्वरीनं डबी पर्समध्ये टाकली आणि रिक्षात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. रिटेनर तिनं लावलाच नाही. आठवडे गेले. पुढच्या दातांत आधी दोरा जायला लागला, मग जोंधळ्याचा दाणा.

पण रोज सकाळी ती डबी तिच्या चहाच्या कपाशेजारी असायची. साचा धुतलेला, ओला. कपाटात ठेवली तरी, माळ्यावर टाकली तरी. रत्नव्वा नुसत्या बघायच्या, ही लावतेय का. दानेश्वरी चहा प्यायची, आणि कप ठेवताना मुद्दाम हसायची, फट दाखवत.

एका सकाळी कपाशेजारी डबी नव्हती. ती हॉलमध्ये गेली. शिवलीलेच्या फोटोखाली नवा खण होता, त्यावर साचा ठेवलेला, वर हळदकुंकू. रत्नव्वा पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"तिचं तिला दिलं," त्या म्हणाल्या. "दानेश्वरी, चहा टाक."

नाव घेऊन हाक मारायला त्यांना कितीतरी दिवस लागले होते. तिनं चहा टाकला.

फट आता पूर्वीएवढी झालीय. आता तोंडावर टेप धरत नाही ती. परवा माझ्या ब्लाउजचं माप घेताना म्हणाली, "सैल ठेवू, वहिनी?" आणि त्या 'स'ला शिट्टी वाजली. दाताला तर आता काहीच लावलेलं नाही. आतल्या खोलीत रत्नव्वांचं भांडी लावणं थांबलं. दानेश्वरीनं टेप माझ्या खांद्यावर तशीच धरून ठेवली, आतली भांडी पुन्हा वाजेपर्यंत.