पडद्याकडे पाठ

जळगावच्या माझ्या थिएटरात एक गृहस्थ विलायतेतले छोटे, नाचगाणी नसलेले पिक्चर आणतात. त्यांची वितरण कंपनी म्हणजे ते एकटेच. पूर्वी रिळांच्या पत्र्याच्या पेट्या घेऊन यायचे, आता खिशात हार्ड डिस्क असते. पिक्चर कसा आहे विचारलं, की म्हणतात, "बघू, लोकं बसता का."

स्वतः मात्र ते पिक्चर बघत नाहीत. पडद्याच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसतात आणि पडद्याच्या उजेडात लोकांचे पाय बघतात. आमच्याकडे माणूस रमला की चपला काढून पाय वर घेतो. पाय पुन्हा चपला चाचपू लागले, की पिक्चर गेला.

मागच्या रविवारी दुपारी ते म्हणाले, "हाही पडला तर कंपनी बंद." पडद्यावर एक म्हातारी बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत भांडी घासत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या नशिराबादच्या अक्कांनी चपला घातल्या आणि त्या उठून थेट स्टुलाकडे आल्या. गृहस्थांचा चेहरा उतरला.

"भाऊ, हाऊ पंखा बंद कर ना. ती बाई बोली ऱ्हायनी ते ऐकू येत नही."

"अक्का, इंग्रजी समजतं तुम्हाला?"

"नही. खाले मराठीमा लिखेल शे ना. पन तिना आवाज तर ऐकू दे."

त्यांनी पंखा बंद केला. त्या उकाड्यातही कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांनी बाहीने कपाळ पुसलं, स्टूल पडद्याकडे फिरवलं आणि पायातल्या चपला काढल्या.