पुजलेला कम्प्युटर आणि आमचे दाजी

“बाळ्या, मारलास! माझा जिताजागता कम्प्युटर मारलास तू!” दाजी इतक्या मोठ्यांदा ओरडत होते की श्रीगोंद्यातली त्यांची गल्ली सोडाच, पार दौंडच्या फलाटावर लोकांनी माना वळवल्या असतील. सतरंजीवर कम्प्युटरचा तो काळा डबा बसलेला, कपाळावर ताजं हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि शेजारी मी, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, खुनाच्या जागी सापडलेल्या माणसासारखा. बटण दाबलं की... काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही.

गेल्या महिन्यात दाजी गेले. पहाटे, झोपेतच. ताईचा फोन आला, मी तसाच एसटीत बसलो, आणि वाटेत कानात घुमला तो हाच आवाज. हसू काही केल्या आवरेना. मयताच्या घरी निघालेला माणूस खिडकीशी बसून खिदळतोय म्हटल्यावर कंडक्टरने माझं तिकीट पुन्हा तपासलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. साखर कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि कम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायला लागले. मोबाईल त्यांच्या कामाचा नव्हता. बोटं अशी जाड की प्यादं हलवायला जावं तर वजीर, हत्ती आणि शेजारच्याचा फोन, सगळं एकदम दबायचं. परदेशातले खेळाडू आपल्याला वचकून असतात असं दाजी सांगत. मी त्यात थोडी भर घालून गावभर सांगत असे. ताईने “दळण घेऊन या” म्हटलं की आतून ठरलेली डरकाळी यायची, “कामात हाय!” भाजी आणा, कामात हाय. गॅस संपलाय, कामात हाय. बुद्धिबळाला खेळ म्हटलेलं त्यांना खपत नसे.

आणि काम म्हटलं की अवजार आलं, अवजार आलं की खंडेनवमी आली. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, दाजी कम्प्युटर पुजत. तोही नुसता वरून पुसून नव्हे. कारखान्यात हंगामाआधी यंत्रं खोलतात तसा सगळा डबा खोलायचा, सायकलच्या पंपाने धूळ उडवायची (त्या धुळीत एकदा काष्टीपर्यंत अंधारून आलं होतं), मग भाग जागच्या जागी बसवायचे आणि डबा पूजेसाठी ताईच्या हवाली करायचा. दरवर्षी एक स्क्रू उरायचा. “कंपनी जास्तीचाच देती,” दाजी म्हणायचे.

त्या वर्षी घोळ असा झाला की नेमकी नवमीच्याच संध्याकाळी दाजींची ऑनलाइन स्पर्धेतली फायनल आली. वेळेवर पटापुढे बसलं नाही तर हरल्यात जमा. गल्लीला आमंत्रण गेलेलं. माणसं खुर्च्या घेऊन आली. आणि जोडणीत माझाही हात होता, म्हणून खून माझ्या नावावर!

मग सुरू झाली शोधाशोध. भिंतीतल्या प्लगमध्ये टेबलफॅन लावला, तो गरगरला. म्हणजे वीज होती. पडद्याची वायर काढून डब्याला लावली. ढिम्म. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, कट्‌ आवाज येईस्तोवर पुन्हा दाबल्या. ढिम्म. दाजींनी उरलेला स्क्रू माझ्या नाकापुढे धरला. “ह्यो बग! ह्याचीच आबाळ झाली!” शेजारचे तात्या म्हणाले, “दाजी, एक चापट हाणून बगा की. आमची म्हस ऐकती.” बाहेर दिवेलागण होत आलेली. ओरडून ओरडून दाजींचा आवाज बसला आणि ते डब्याच्या गळ्यातली माळ सारखी करत बसले.

दारात ताई शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, “मागलं बटन मी बंद केलंय.”

सगळी गल्ली तिच्याकडे वळली. डब्याच्या मागच्या अंगाला, वायर खोचतो तिथे, एक छोटं बटण असतं. आम्ही दोघा शहाण्यांनी पोटातलं आतडं न्‌ आतडं तपासलं, पाठ काही बघितली नव्हती.

“का गं?” दाजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“पुजलेलं अवजार नवमीला चालवत न्हाईत. तात्यांचा ट्रॅक्टर बी हुबा हाय. उद्या दसऱ्याला लावा.”

“उद्या लावून काय करू? आता सुरू हुईल की फायनल!”

“कामाचं यंत्र हाय ना?” शेंग फुटली. “तुमीच म्हनता. कामात हाय, कामात हाय.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. एकीकडे फायनल, दुसरीकडे इतक्या वर्षांची इभ्रत. शेवटी दोन्ही हात वर करून ते सगळ्या गल्लीदेखत ओरडले, “खेळ हाय गं! नुसता खेळ हाय! काम न्हाई, काय न्हाई!”

ताई उठली, पदराला हात पुसले, डब्यामागे वाकली. खट्‌. पंखा घुमला, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, आणि गल्लीने असा जल्लोष केला की साखर कारखान्याचा भोंगा लाजावा. दाजी हसतहसत खुर्चीवर बसले. फायनल जिंकले का? गावात मी ‘दाजी जिंकले’ असंच सांगितलंय, आता छापूनही तेच येतंय. खरं काय ते ताईला माहीत, आणि ती मला खोटं पाडणारी नाही.

परवा सहज तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. हाक मारली, ओ नाही. आतल्या खोलीत डोकावलो तर दाजींच्या खुर्चीत ताई, चष्मा नाकावर, समोर पडद्यावर पट मांडलेला. घोडा कुठे चालतो आणि उंट कुठे, हे तिला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मी म्हटलं, “ताई, काय काम काढलंस गं?”

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “काम न्हाई. खेळतीय.”