वहिनीने उजळलेलं घर

फोन आला तेव्हा मी आदिलाबादला शाळेच्या कार्यालयात होते. "आत्याबाई, माय गेली," पुतण्या एवढंच म्हणाला. मी रजेचा अर्ज लिहिला आणि बस धरली. कमलवहिनीचं हृदय वर्षभर थकत चाललं होतं. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी इंद्रवेल्लीपुढच्या फाट्यावर उतरले, लांबून घर दिसलं आणि पिशवी खाली ठेवून तिथेच थांबले. तीन भिंती मधासारख्या उजळ, मागची, इथून न दिसणारी, अजून काळी. तिचं काम राहूनच गेलं होतं…

हे घर माझ्या भावाने बांधलं. वनखात्याच्या लिलावात सागाचे ओंडके घेतले आणि एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी दसऱ्याआधी तो ट्रॅक्टरच्या गॅरेजातून जळकं ऑइल आणून आतून-बाहेरून फासायचा. आमच्याकडे सगळेच फासतात. लाकूड टिकलं, पण घर डांबरासारखं झालं. दुपारीही दिवा लावावा लागे. वहिनीने त्यातच संसार केला. भाऊ गेला, वर्षश्राद्ध झालं आणि त्याच संध्याकाळी भांडी घासता घासता ती म्हणाली, "सुमनबाई, मले या घराचा रंग बदलाचा हाय. एवढी वर्सं लाकडाच्या घरात राह्यली, पन लाकूड काई पाह्यलं नाई."

तिने सोड्याच्या गरम पाण्याने भिंती धुतल्या. वरून स्वच्छ दिसल्या, म्हणून लगेच वॉर्निश आणलं. वेचणीचे दिवस होते. पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. मी म्हटलं, कापूस भैंसा गावी जिनिंगला जाऊ दे, मग लाव. "जनमभर थांबूनच राह्यली ना मी," म्हणाली आणि लावून मोकळी झाली. पण इतक्या वर्षांचं ऑइल लाकडाच्या पोटात होतं. वॉर्निश वाळेचना. आठवडे गेले, भिंती चिकटच, आणि घरात उडणारा कापूस त्यांवर बसत गेला. मी गेले तर घर पांढऱ्या लवेने भरलेलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती.

"पाहा नणंदबाई, तुमच्या भावाच्या घराले दाढी आली."

"हसून काऊन राह्यली? सगळं खरडा लागन आता."

"मंग खरडू. हात का मोडले?"

उन्हाळाभर खरडलं. ऊन चढलं की ओंडक्यांतून ऑइल पाझरायचं. ते पुसायचं, काचेच्या तुकड्याने खरवडायचं, पुन्हा उन्हाची वाट बघायची. मी रविवारी जायचे आणि सोमवारी खांदे धरून खुर्चीत बसायचे. पावसाळ्यात थांबलो, मग पुन्हा लागलो. शेवटी शेवटी वहिनीला दोन ओंडके झाले की बसावं लागे. तिसरी भिंत झाली आणि तिने अंथरूण धरलं.

तेरावं झाल्यावर पुतण्या म्हणाला, "आत्याबाई, आता सगळ्याले ऑइलच मारून टाकतो. हे वॉर्निश दरसाली लावा लागते. कोन करन?"

त्याचं चुकीचं नव्हतं. मीही थकले होते. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात त्याची बायको रेखा चुलीपासून म्हणाली, "मी करीन. मले नाई अंधारात सयपाक कराचा." नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पुतण्या उठला आणि काच शोधायला गेला.

मागची भिंत आम्ही तिघांनी खरडली. वॉर्निश लावून आठवडा झाला होता. परवा सकाळी चहा घेऊन मी तिथे गेले. पाठ भरून आली होती, टेकावंसं वाटलं. पण त्याआधी हाताची उलटी बाजू आपोआप भिंतीला लागली. घर चिकट होतं त्या महिन्यांत वहिनीला ही सवय लागली होती; मग ती पाहुणी म्हणून गेली तरी दुसऱ्यांच्या विटांच्या भिंतीही टेकण्याआधी अशाच चाचपायची. रेखा तसंच करते. पुतण्याही.

भिंत कोरडी होती. मी टेकले.